न जुळलेली पाकिटं

ऑगस्ट सरत आला की आमच्या खिडकीच्या काचेला बाहेरून घाम फुटतो. आत एसी, बाहेर समुद्रावरून आलेली ओली हवा, मध्ये काच सापडते आणि दिवसभर ठिबकत बसते. कुवेतमध्ये या ओलीला रतूबा म्हणतात. कोरड्या उन्हाची इथे कुणाला भीती वाटत नाही, ते सरळ मारतं. रतूबा चिकटते. इमारतीबाहेर पाय टाकला की चष्मा पांढरा होतो आणि माणूस भिंत धरून उभं राहतं. डब्यातल्या मिठाचा दगड होतो, पापड वाकतात, आणि कपाटात ठेवलेली कोरी पाकिटं आपली आपण चिकटून बंद होतात.

पाकिटं चिकटली की मला ती तपासणी आठवते. आठवते म्हणजे जीव गलबलतो वगैरे काही नाही. जिना चढताना गुडघा आठवतो, तशी आठवते.

याच दिवसांत लोक सुट्टीवरून परत येतात. लिफ्टमध्ये गावाहून आणलेल्या सुक्या सोड्यांचा आणि आमसुलांचा वास भरून राहतो. माझी नात नाक धरते. "दादी, इट स्टिंक्स," म्हणते. मी म्हणते, सोड्याचं कालवण ओरपतेस तेव्हा नाही येत वास. ती मराठी समजते आणि उत्तर इंग्रजीत देते. मला इंग्रजी येत नाही, पण तोंड वाकडं केलेलं कळतं. रस्त्याकडेच्या झाडांवर खजुराचे घोस जाळीत बांधलेले असतात, एका टोकाला पिवळे, दुसऱ्या टोकाला मऊ तपकिरी. शाळा उघडायच्या म्हणून बायका गणवेश घेऊन माझ्याकडे यायच्या, कमरेत ढिले कर, खाली दुमड सोड. आता माझी नजर सुईवर टिकत नाही. त्या दुसरीकडे जातात. जाऊ देत.

आमच्या मंडळाची निवडणूक नेमकी अशा वेळी पडते. मंडळ म्हणजे रत्नागिरी आणि रायगडच्या किनाऱ्यावरच्या लोकांचं. मुसलमान जास्त, हिंदू थोडे, भांडायला सगळे सारखे. ज्यांनी नियम केले त्यांनी कोणत्या मुहूर्तावर उन्हाळा निवडला कोण जाणे, पण निम्मे लोक तेव्हा गावी असतात. म्हणून मत पाकिटातून. मताचा कागद कोऱ्या पाकिटात, ते पाकीट दुसऱ्या मोठ्या पाकिटात, आणि मोठ्याच्या जोडावर सही, अर्धी झाकणावर, अर्धी खालच्या कागदावर. इथे दारावर टपाल येत नाही. कुणी कंपनीच्या पोस्ट बॉक्समधून धाडतो, कुणी कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, मंडळाची पेटी ठेवलेली असते तिच्यात टाकतो.

सहली, ईदमिलन, हळदीकुंकू, गणपती, हे सगळं मंडळाचं वरवरचं. खरं काम एकच. इथे एकटा माणूस मेला तर त्याचे कागद करायचे, त्याला पेटीत घालायचा आणि गावी त्याच्या माणसांच्या हाती द्यायचा. हे मंडळ करतं, आणि चांगलं करतं. फक्त त्यासाठी नाव यादीत पाहिजे.

त्या वर्षी सेक्रेटरी मुकादम शेठ पुन्हा उभे होते. वर्षानुवर्षं तेच. त्यांच्यासमोर नफीसा, दवाखान्यात नर्स, बोलायला फटकळ. मला ती आवडते असं नाही, पण तिचं बोलणं लांबत नाही. मतं मोजली. मुकादम मूठभर मतांनी आले. मिठाई वाटली. नफीसानं मिठाई घेतली, खाल्ली, बोटं पुसली आणि म्हणाली, "आता पाकिटं तपासा. सह्या जुळतात का बघा."

"हरल्यावर सगळ्यांनाच सह्या दिसतात," मुकादम म्हणाले.

"जिंकल्यावर कुणालाच दिसत नाहीत, म्हणून म्हटलं."

निवडणूक बागूल साहेबांच्या हाती होती. ते नाशिकचे, तेल कंपनीत इंजिनिअर. ज्याचं कुणाशीच नातं लागत नाही असा माणूस शोधायला आम्हाला नाशिकपर्यंत जावं लागतं. त्यांनी सांगितलं, तपासणी करू. सोबत दोन माणसं घेतली. एक हसन मास्तर. दुसरी मी. मी का, तर माझ्या सासरचं-माहेरचं कुणी उभं नव्हतं, आणि माझं कुणाशी फारसं पटत नाही. हे दुसरं कारण कुणी तोंडानं बोललं नाही.

मी म्हटलं, "साहेब, मी चौथी शिकलेली आहे."

ते म्हणाले, "आजी, वाचायचं काही नाही. फक्त बघायचंय."

मंडळाची खोली फरवानियात आहे, इराणी रोट्यांच्या बेकरीवर. शुक्रवारी नमाज झाली की आम्ही तिथे बसायचो. खालून भाजलेल्या रोटीचा वास वर यायचा, जमीन पायाला गरम लागायची आणि डोक्यावर एसी. पाण्याची बादली त्याच्या नळीखाली. एका टेबलावर मतदारांची मोठी पाकिटं, रिकामी, जोडावर सही असलेली. दुसऱ्या टेबलावर सभासद होतानाचे जुने फॉर्म, त्यावर नमुन्याची सही. पाकीट फॉर्मशेजारी ठेवायचं. तिघांनी बघायचं. जुळते किंवा नाही, एवढंच म्हणायचं. दोघांनी नाही म्हटलं की पाकीट बाजूला.

आतली मतं तर केव्हाच एकत्र होऊन मोजली गेली होती. आमटीत मीठ पडलं की ते परत काढता येत नाही, नुसतं म्हणता येतं की जास्त पडलंय. तसंच हे. वाईट सह्या मूठभरापेक्षा जास्त निघाल्या तर निवडणूक पुन्हा, एवढंच हाती होतं. आणि एक नियम होता, मागच्या कुठल्या भांडणानंतर केलेला. ज्याच्या नावाचं पाकीट खोटं निघेल त्याचं नाव यादीतून कायमचं कापायचं. नियम केला तेव्हा सगळ्यांनी हात वर केले होते. मीही केला होता. चोराचं नाव कापायला कोण नाही म्हणतो.

मला सह्यांतलं काही कळत नव्हतं हे इथेच सांगते. वेगळी दिसली की वेगळी म्हणायची, एवढंच मी केलं. बागूल साहेब भिंगातून बघायचे, टोक कुठे वळलंय, दाब कुठे पडलाय, आणि शेवटी म्हणायचे तेच जे मी भिंगाशिवाय म्हटलेलं असायचं. मास्तर मात्र सगळ्यालाच जुळते म्हणत होते.

हसन मास्तरांनी कधी शाळेत शिकवलेलं नाही. अक्षर सुंदर म्हणून मास्तर. शुवैखला गाड्यांच्या सुट्या भागांचं एक दुकान होतं, तिथे ते हिशेबाला. माझा नवरा त्याच दुकानात माल चढवायला. आजूबाजूला सगळी गॅरेजं, डेंटर, पेंटर, वेल्डर, त्यात आमच्या किनाऱ्याचे पुष्कळ. कुणाचा अर्ज, कुणाची तक्रार, कुणाच्या पोराचा शाळेचा दाखला, सगळे मास्तरांकडे. मंडळ वाढलं ते मास्तरांच्या पेनानं वाढलं, असं मुकादम भाषणात म्हणतात. खोटं नाही ते.

"मास्तर, ही जुळते?" मी विचारलं. फॉर्मवरची सही वेलीसारखी, पाकिटावरची कोंबडीच्या पायासारखी.

"जुळते, भाभी. माणूस म्हातारा झाला की हात बदलतो."

"हात बदलतो. उजवीकडे झुकणारं नाव डावीकडे झुकायला लागतं?"

"तुमचं आपलं काहीतरीच," म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले. मला वाटलं, मऊ माणूस आहे, कुणाला दुखवत नाही. असे लोक तपासणीला घेऊ नयेत. मी आणि साहेब नाही म्हणायचो, पाकीट बाजूला जायचं.

बाजूचा ढीग वाढला. आणि तो सगळा शुवैखचा. गॅरेजमधले, किंवा पूर्वी गॅरेजमध्ये असलेले. दुसऱ्या शुक्रवारपर्यंत बातमी फुटली. गाववाल्यांच्या फोनवर एकच बोलणं, नफीसाच्या माणसांनी गॅरेजवाल्यांच्या नावानं मतं टाकली. कारण त्या वर्षी तीच गॅरेजमध्ये फिरली होती. दवाखान्याची पाळी संपवून, त्याच कपड्यांत, एकेका माणसाला सांगत, दूर गेलेल्यांना कोरं पाकीट धाडत, तुमचं पाकीट तुम्हीच भरा, तुम्हीच टाका, कुणाच्या हाती देऊ नका.

ती खोलीवर आली, दारात उभी राहिली. बूट काढले नाहीत, आत आली नाही.

"खाला, तुम्ही पण म्हणता मी केल्या?"

"मी म्हणते त्या जुळत नाहीत. कुणी केल्या ते मला कसं कळणार?"

"मी कशाला तपासणी मागितली असती मग?"

"ते तू सांग."

ती गेली. ती गेल्यावर खालच्या रोटीचा वास जास्त आला. मास्तर खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, काच ओली होती.

सहीबद्दल माझ्या डोक्यात तेव्हा बरंच येत असे. शिकलेले लोक सही काढतात, मी नाव लिहिते. आडनावाची जागा संपली तर खाली लिहिते. माझ्या मुलाची सही म्हणजे एक वाकडी रेघ आणि दोन ठिपके, त्यावर त्याला बँक मोठं कर्ज देते. माझं पूर्ण नाव काना-मात्रेसकट असतं आणि माझ्यावर कुणाचा विश्वास नाही. इथल्या सरकारला सही लागतच नाही म्हणा. त्यांना बोट पाहिजे. मध्ये सगळ्यांनाच बसमा द्यायला लावला, बोटांचे ठसे मशीनवर. माझी बोटं मशीनला दिसेनात. सुई, साबण, मासे साफ करणं, यात जे काही रेषा-बिषा होत्या त्या गेल्या. तिथली पोरगी माझं बोट ओल्या कागदानं पुसायची, दाबायची, पुन्हा दाबायची. "हज्जिया, मा फी," म्हणाली. काही नाही म्हणे. मी उभी आहे, बोट आहे, आणि काही नाही. शेवटी अंगठ्याच्या कडेला कुठे थोडं सापडलं, त्यावर माझं काम झालं. मी काही मनाला लावून घेतलं नाही. मशीनचं ते काम आहे, माझं नाही.

पण याकूबभाईंनी मनाला लावून घेतलं. बाजूच्या ढिगात त्यांचं पाकीट होतं. नावं कापायची यादी खोलीबाहेर चिकटवली, कुणीतरी फोटो काढून सगळीकडे धाडला, आणि त्यांचा मला फोन आला.

याकूबभाई पूर्वी शुवैखला डेंटर. चेपलेल्या गाडीचा पत्रा आतून ठोकून सरळ करायचे. कान ठोकून ठोकून गेले, मग खांदा गेला, मग गॅरेजनं त्यांना सोडलं. कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा असतो तो मालक, चांगला निघाला. त्यानं त्यांना खैरानला, आपल्या समुद्राकाठच्या शॅलेवर, म्हणजे सुट्टीच्या बंगल्यावर, राखण करायला ठेवलं. बायको वारलेली. मुली गावी, आपापल्या घरी. उन्हाळ्यात शुक्रवार-शनिवार तिथे कफीलची पोरं येतात, पाण्यात स्कूटर फिरवतात, मांस भाजतात. रविवारी याकूबभाई, हाडं उचलायची पोती आणि मांजरं.

फोनवर ते ओरडूनच बोलतात. स्वतःला ऐकू येत नाही त्यांना.

"भाभी, माजं नाव कापलंत?"

"अजून नाही. यादी लावली आहे. सही जुळत नाही तुमची."

"मीच केली ती. माज्या हातानं."

"जुळत नाही."

"नाव कापलं तर मना इथंच टाकतील हो."

"टाकतील. मेल्यावर काय कळतं माणसाला?"

"मना आता कळतंय," म्हणाले.

माझा नवरा सुलैबिखातच्या कबरस्तानात आहे. जिथे माणूस मेला तिथेच त्याला पुरावा, असंच आमच्यात सांगतात, आणि मला ते पटतं. माती ती माती. मी तिथे सुरुवातीला गेले, वाळू, ओळीनं दगड, सगळे सारखे. मग गेले नाही. पण याकूबभाईंचा सोबती होता एक, पेंटर, एका खोलीत राहायचे दोघे. तो मेला तेव्हा त्याचं नाव कुठेच नव्हतं. कंपनीनं पुरला. याकूबभाई पुढच्या सुट्टीच्या दिवशी गेले तर त्यांना त्याचा दगड सापडेना. या ओळीत असेल म्हणून एका दगडापुढे बसून फातिहा वाचून आले, आणि मग त्यांना शंका आली की तो दुसऱ्याच कुणाचा होता. त्या शंकेवर त्यांनी मंडळाचा सभासद होण्याचं ठरवलं. ज्याला जे पाहिजे ते पाहिजे. माझ्या पटण्याचा त्यात काय संबंध.

बागूल साहेबांना मी म्हटलं, तो माणूस म्हणतो सही माझीच, त्याला समोर बोलवा. साहेब म्हणाले, नियमात तसं नाही. मी म्हटलं, नियमात बोलवू नका असंही नाही. ते हसले. बोलवा म्हणाले.

तिसऱ्या शुक्रवारी याकूबभाई आले. खैरानहून फरवानिया म्हणजे कुवेतच्या एका टोकाहून जवळजवळ दुसरं. कुणाच्या तरी पाण्याच्या टँकरमधून अर्धं आले, पुढे बसनं. इस्त्रीचा शर्ट रतूबेनं पाठीला चिकटला होता. हातात प्लास्टिकची पिशवी, टेबलावर ठेवली.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"मेद मासा. मीच धरलेला. मीठ लावून सुकवलाय."

"चाचा, मला नाही घेता येणार. तपासणी चालू आहे."

"सुका मासा हाय, साहेब. लाच असती तर झुबैदी आणली असती."

झुबैदी म्हणजे पापलेट, इथला महाग मासा. मास्तरसुद्धा हसले. पिशवी मी माझ्या खुर्चीखाली ठेवली. तो नियम माझा नव्हता.

साहेबांनी कोरा कागद दिला. "सही करा." याकूबभाईंनी पेन मुठीत धरलं, हातोडीसारखं, आणि केली. तीच, कोंबडीच्या पायासारखी. पाकिटाशेजारी ठेवली. जुळली. आंधळ्यालाही कळली असती. मग साहेबांनी फॉर्म पुढे केला.

"चाचा, मग ही कुणाची? तुमच्या फॉर्मवर आहे."

याकूबभाईंनी फॉर्म हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "छान हाय," म्हणाले. "माजी नाय. मास्तरांची असंल."

साहेबांनी आणि मी मास्तरांकडे पाहिलं. याकूबभाईंचं लक्ष फॉर्मवरच होतं. ते बोलत राहिले. "मी गाडीखाली होतो तवा. मास्तर आले फॉर्म घेऊन. म्हणाले, नाव सांग, बापाचं नाव सांग. मी खालूनच सांगितलं. हात काळे होते, कागद खराब झाला असता. मास्तर म्हणाले, राहू दे, मी करतो. सगळ्यांच्या त्यांनीच केल्या. करीमची, दाऊदची, त्या भंडाऱ्याच्या पोराची. आमचे हात कंदी साफ असायचे?"

साहेबांनी भिंग खाली ठेवलं. ढिगातला एक फॉर्म काढला, दुसरा काढला, तिसरा. आता बघायचं काय ते कळल्यावर सगळ्यांना दिसलं. नावं वेगळी, वेल एकच.

मास्तरांनी पेनाचं टोपण लावलं. "तेलाचे हात होते त्यांचे," म्हणाले. "कागद काळे झाले असते, तर जुन्या कमिटीनं परत पाठवले असते. मी मदत केली."

"फॉर्मवर मदत केलीत," मी म्हटलं. "पाकिटांवर?"

कारण तेही आता समोरच होतं. शुवैखची सगळीच पाकिटं बाजूच्या ढिगात नव्हती. काही नीट जुळली होती, वेलीला वेल. ज्यांनी नफीसाचं ऐकलं नाही आणि दरवर्षीसारखं कोरं पाकीट मास्तरांच्या हाती दिलं, त्यांची. आम्ही तिघांनी त्यांना मोठ्यानं जुळते म्हटलं होतं. जुळल्या त्या मास्तरांनी केलेल्या, न जुळल्या त्या ज्याच्या त्यानं केलेल्या.

"विचारून करत होतो," मास्तर म्हणाले.

याकूबभाईंनी कानामागे हात धरला. "काय म्हणतात?"

"म्हणतात दरवर्षी तुम्हाला विचारून तुमचं मत टाकत होते," मी ओरडून सांगितलं.

"मना? मना कंदी विचारलं?"

"तू खैरानला. तुझा फोन लागत नाही," मास्तर म्हणाले, आणि मला वाटतं ते खरंच बोलत होते. त्यांना त्यात काही चूक दिसत नव्हती. ज्या माणसाचा अर्ज आपण लिहिला, ज्याचं पत्र आपण लिहिलं, ज्याच्या पोराला शाळेत घातलं, त्याचं मतही आपणच लिहिलं तर बिघडलं काय. आमच्या लोकांत हे असंच चालतं. घरात बापाची सही मुलगा करतो, बायकोची नवरा, आणि ज्याचं अक्षर चांगलं त्याच्या हाती सगळा गाव आपला हात देऊन मोकळा होतो.

"पहिल्याच शुक्रवारी का नाही सांगितलंत?" साहेबांनी विचारलं.

"सांगितलं असतं तर आजवरच्या सगळ्या निवडणुका उठल्या असत्या."

"आणि याकूबभाईंचं नाव कापलं असतं तर?" मी म्हटलं.

"मी जुळते म्हणत होतो, भाभी. प्रत्येकाला म्हणत होतो. तुम्हीच ऐकत होता का?"

ते खरं होतं. ते म्हणत होते. पण तिघांत एकाचं म्हणणं पुरत नाही हे त्यांनाही माहीत होतं, आणि तरी ते तेवढंच म्हणत राहिले. मला राग आला नाही. माझ्या नवऱ्याच्या मयताचे कागद याच माणसानं रांगेत उभं राहून केले होते. ते एका जागी, हे दुसऱ्या जागी.

बागूल साहेबांनी फॉर्म गोळा करून एकावर एक ठेवले. ते म्हणाले, "पण मी काय धरू? फॉर्म हाच तर पुरावा आहे. फॉर्म खोटा धरला तर माझ्या हातात काहीच राहत नाही. उद्या कुणीही येईल आणि म्हणेल, मी गाडीखाली होतो."

त्यांचं चूक नव्हतं. तपासणी म्हणजे एक वस्तू दुसरीच्या शेजारी ठेवून बघणं. दुसरी खरी आहे असं कुठेतरी धरून चालावंच लागतं, नाहीतर बघणं संपणारच नाही. आम्ही तिघांनी तीन शुक्रवार खऱ्या माणसांना खोट्या कागदाशी जुळवून पाहिलं आणि खोटं ठरवलं, आणि त्यात कुणी लबाडी केली नाही. मास्तरांची लबाडी म्हणावी तर ती आमच्या खूप आधीची, आणि ती करताना त्यांनी तिला मदत म्हटलं होतं.

"साहेब," याकूबभाई म्हणाले, "माजं नाव ऱ्हातंय का नाय, तेवढं सांगा. बस सुटेल."

साहेबांनी खिशातून फोन काढला. ढिगातल्या एकेकाला त्यांनी तिथूनच फोन लावायला सुरुवात केली. नाव विचारायचे, मग विचारायचे, मंडळाचा फॉर्म तुम्ही कुठे भरला होता? कुणी म्हणाला, लेथवर होतो. कुणी म्हणाला, मास्तर आले होते, रंगाचा हात होता. एकानं विचारलं, का, मास्तर बरे आहेत ना? मास्तर समोरच बसले होते, उठून गेले नाहीत. सगळे फोन त्यांनी ऐकले. त्यांच्या जागी दुसरा कुणी तोंड लपवून निघून गेला असता, एवढं त्यांच्या नावावर जमा धरते.

यादी साहेबांनी स्वतः बाहेर जाऊन फाडली. याकूबभाईंना हातानं खूण केली, नाव राहिलं. त्यांनी मान हलवली, आभार वगैरे मानले नाहीत. मानायचे कशाला, त्यांचंच नाव. जाताना मला म्हणाले, "मेद पाण्यात भिजवून घ्या, भाभी. मीठ जास्त झालंय."

झालं होतंच. मी भिजवून, चिंच घालून केला. मुलानं दोनदा घेतला.

मग ऑक्टोबरात हवा हलकी झाली. काचा कोरड्या झाल्या. मंडळानं सगळ्यांना बोलावून नव्या सह्या घेतल्या. शुवैखचे लोक शुक्रवारी अंघोळ करून, नखांतलं काळं काडीनं काढून आले होते. काही जणांना सही करताच येईना, स्वतःची म्हणून एक ठरवायला वेळ लागला. एक वेल्डर जिन्यात उभा राहून रोटीच्या कागदावर सराव करत होता. निवडणूक पुन्हा झाली, या वेळी समोर येऊन. मुकादमच आले, आणि आधीपेक्षा जास्त मतांनी आले. गॅरेजवाल्यांना मुकादमच पाहिजे होते. विचारलं असतं तरी त्यांनी तेच सांगितलं असतं. नफीसाला मी म्हटलं, "कशाला एवढा खटाटोप केलास?" ती म्हणाली, "खाला, आता हरले ते कळलं तरी." मिठाई तिनं या वेळीही खाल्ली.

मास्तरांचं मंडळात येणं बंद झालं. कुणी त्यांना येऊ नका म्हटलं नव्हतं. त्यांच्याकडे अर्ज लिहून घ्यायला लोक अजून जातात. फक्त सही आपली आपण करतात, आणि मास्तर पाहतात.

थंडीत, शॅले रिकामी असताना, याकूबभाई पुन्हा खोलीवर आले. मीही तिथे होते. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून बागूल साहेबांपुढे ठेवला. मास्तरांच्या अक्षरात लिहिलं होतं, माझं नाव यादीतून काढावं. खाली सही.

"का हो?" साहेब म्हणाले. "एवढं भांडून ठेवलंत ना?"

"गावी चाललोय. कायमचा. मंगळवारचं विमान हाय."

"एकदम कसं ठरवलं?"

"एकदम नाय. नाव जाणार होतं तवा डोक्यात तेच, मेल्यावर कसं जायचं. नाव ऱ्हायलं, मग बसल्या बसल्या दुसरं डोक्यात आलं. तिकीट तर मिळतं ना, जित्या माणसालाही."

साहेबांनी सवयीनं नवा फॉर्म काढला आणि कागद शेजारी ठेवला. बघत राहिले. "चाचा, ही थोडी वेगळी आहे."

"घाईत केली."

"नियमाप्रमाणे मी..."

"अहो साहेब," मी म्हटलं, "ते उभे आहेत की समोर."

साहेबांनी नावावर रेघ मारली. याकूबभाईंनी ती रेघ नीट पडली का ते वाकून पाहिलं आणि गेले. मेल्यावर गावी जाता यावं म्हणून ज्यानं एवढं केलं, तो आपल्या पायांनी गेला, आणि सामान वजनात बसत नाही म्हणून विमानतळावर खूप भांडला असं मागून ऐकलं. एका पेटीत त्यांचे हातोडे होते. ते सोडायला तयार नव्हते.